लेकीकडे सिंगापूरला जाताना: गावाकडच्या आईबाबांसाठी

आमच्या दारव्हा भागातल्या खेड्यातून सिंगापूरला नोकरीसाठी गेलेली आमची लेक पहिली. आता आसपासच्या गावांतली आणखी तीन-चार लेकरं तिकडे आहेत. त्यांच्या आयांचे मला फोन येतात. "बाई, काय काय न्यावं लागते? तिकडं करमते का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आमचे हे शेती करतात. आम्ही दोघं दोनदा, महिना-महिना तिकडे राहून आलो. फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगते, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते आहे.

आधी एक सांगते. तिकडे गेलेले कितीतरी आईबाबा महिनाभर बाराव्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून परत येतात. लेक-जावई दिवसभर कामावर, फिरणं काय ते शनिवार-रविवारी. मला हे पटत नाही. साठी-सत्तरीच्या माणसाने एकट्याने, कुणाचा हात न धरता फिरावं, असं ते शहर आहे. रस्ते सपाट, चालायच्या वाटेवर छप्पर, जागोजागी बसायला बाक. थोडं शिकावं लागतं, आणि ते एका दिवसात होत नाही. आज घराखालचा चहा, उद्या बाजार, मग बस, मग मेट्रो, असं एकेक पाऊल टाकलं की आठवड्यात जमतं.

निघायच्या दोन महिने आधी

पासपोर्ट काढलेला असेल तर तो प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने चालतो का ते बघा. नसेल तर अर्ज लवकर करा, पोलीस ठाण्याच्या पडताळणीत दिवस जातात. व्हिसा भारतीयांना लागतो. तो अधिकृत एजंटाकडून निघतो, किंवा लेक तिकडूनच ऑनलाइन अर्ज करू शकते. आरोग्याचा प्रवास विमा नक्की काढा. तिकडे दवाखाना उत्तम, पण बाहेरच्या माणसाला बिल भारी पडतं.

आता मुख्य गोष्ट, खर्रा. खर्रा, तंबाखू, गुटखा, गुडाखू यांतलं काहीही सिंगापुरात नेता येत नाही. चघळायच्या तंबाखूवर तिथे पूर्ण बंदी आहे. एक पुडी खिशात राहून गेली तरी गुन्हा. आमच्या ह्यांना तीस वर्षांची सवय होती. विमानात बसायच्या दिवशी सोडू म्हणाल तर जमत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि तो सगळा त्रास लेकीच्या घरी जाऊन निघतो. आम्ही दीड महिना आधी सुरुवात केली. दिवसाला चारचे दोन, दोनाचा एक, मग बडीशेप आणि भाजलेली जवस. निघायच्या आधीचे पंधरा दिवस पूर्ण बंद. निघताना सदरे, बंड्या, पिशव्या, सगळ्यांचे खिसे मी स्वतः उलटे करून झटकले. हे काम घरातल्या बाईनेच करावं.

बॅग भरताना

मायेने भरलेल्या बॅगेतच चुका होतात. खसखस नेऊ नका. आपण ती रश्शाला वाटतो, अनारशाला लावतो, पण तिकडे ती अफूच्या झाडाचं बी म्हणून अंमली पदार्थांच्या नियमात धरतात. घरी कुटलेल्या काळ्या मसाल्यात खसखस घातली असेल तर तो मसालाही नको, बिनखसखशीचा वेगळा कुटा. मटणाचा किंवा अंडी घातलेला पदार्थ नको. च्युइंगगम नको. सुकं खोबरं तर चेक-इन सामानात विमानवालेच चालू देत नाहीत.

चालतं काय, तर तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, लोणचं. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर पातळ काही चालत नाही. आणि पीठ-डाळीचं फार ओझं करू नका, हे सगळं तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतं. आपल्या वावरातली तूर लेकीला द्यायची तर दोन किलो द्या, दहा नको.

बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. तीन महिन्यांपुरत्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका.

तिथलं प्लगचं भोक वेगळं असतं, तीन चपट्या पिनांचं. एक ॲडाप्टर घ्या.

प्रवास आणि विमानतळ

नागपूरहून मुंबई, आणि मुंबईहून साधारण साडेपाच तास. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' हा ऑनलाइन फॉर्म भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइट बऱ्याच आहेत, म्हणून फॉर्म लेकीलाच भरायला सांगा.

चांगी विमानतळावर बहुतेक काम यंत्रावर होतं. पासपोर्ट ठेवा, बोट ठेवा, समोर बघा. शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहायची परवानगी मिळाली ते ई-मेलवर येतं. ती तारीख लेकीला वाचायला लावा आणि कॅलेंडरवर लिहा. व्हिसाची मुदत वेगळी आणि राहायची परवानगी वेगळी, यात लोकांचा घोळ होतो.

घड्याळ अडीच तास पुढे करा. तिकडे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेतीन झालेले असतात. आणि शहर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे बारा महिने सकाळी सातच्या सुमारास उजाडतं, संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतं. पहाटे पाचला उठून अंगण झाडायची सवय असलेल्या बायकांना पहिले चार दिवस फार लांबल्यासारखे वाटतात.

पहिला आणि दुसरा दिवस: पत्ता पाठ करा

तिथले सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारी गृहमंडळाने बांधलेल्या इमारतींत राहतात. १९६०मध्ये हे मंडळ स्थापन झालं, त्याला सगळे 'एचडीबी' म्हणतात. इमारती एकसारख्या दिसतात, चूक इथेच होते. पण प्रत्येक इमारतीवर तिचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. दारावर १२-२३४ असं लिहिलं असेल तर बारावा मजला, घर २३४.

आणि पिनकोड. आपल्याकडे एका पिनकोडमध्ये वीस गावं येतात. तिथे प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पिनकोड असतो. तेवढे सहा आकडे टॅक्सीवाल्याला सांगितले की तो दारात आणून सोडतो. इंग्रजी यायची गरज नाही. कागदावर लिहून एक ब्लाऊजमधल्या पाकिटात, एक ह्यांच्या खिशात, आणि शिवाय पाठ. मी शाळेत पाढे पाठ करून घेत असे, तसे ह्यांच्याकडून करून घेतले.

घरात तीन गोष्टी सांभाळा. नळाचं पाणी थेट प्यायचं, उकळायची गरज नाही. कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळत घालतात, तेव्हा पिळून घाला आणि चिमटे लावा. आणि खिडकीतून काहीही खाली टाकायचं नाही, चादरही झटकायची नाही. वरून वस्तू पडली तर तो तिथे गंभीर गुन्हा आहे. कचऱ्याला स्वयंपाकघरात किंवा मजल्यावर झाकणाचं तोंड असतं, पिशवीची गाठ मारून त्यात सोडायची.

तिसरा दिवस: खाली उतरून चहा

इमारतीच्या खालचा मजला मोकळा ठेवलेला असतो, आपल्या पारासारखा. तिथे चिनी, मलय, तमिळ म्हातारी माणसं बसलेली असतात. जाऊन बसा. 'अंकल', 'आंटी' एवढे दोन शब्द पुरतात, तिथे दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत मोठ्या माणसाला सगळे तेच म्हणतात.

जवळपास 'हॉकर सेंटर' असतं, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नास-शंभर गाळे. पूर्वी हे लोक रस्त्यावर गाड्या लावत, त्यांना एकत्र आणून पाणी, सांडपाणी, पंखे दिले. २०२०मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाच-सहा सिंगापूर डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं. एक डॉलर साधारण सत्तर रुपयांच्या आसपास धरा, पण प्रत्येक घोटाला गुणाकार करत बसलात तर चहाही गोड लागणार नाही.

चहा मागायची तिथे एक भाषाच आहे, ती शिका. 'तेह' म्हणजे चहा, पण त्यात डब्यातलं घट्ट गोड दूध घालतात, आपल्याला ते फार गोड होतं. 'तेह-सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि वरून साखर. 'तेह-ओ' म्हणजे कोरा, साखर घातलेला. 'सिऊ दाई' म्हटलं की साखर कमी. 'कोसोंग' म्हणजे शून्य, साखर नाहीच. 'तेह हालिया' म्हणजे आल्याचा. ह्यांना शुगर आहे, म्हणून आमचं ठरलेलं वाक्य, "तेह-सी कोसोंग, टू." पहिल्या दिवशी मी ते तीनदा मनात म्हणून मग गाळ्यापुढे उभी राहिले. चहावाल्या आंटीने मान डोलावली, लांब कापडी गाळणीतून चहा ओतला, वर दूध सोडलं, आणि दोन जाड काचेचे कप पुढे सरकवले. चव आपल्या चहापेक्षा कडक, थोडी धुरकट. चौथ्या दिवशी आम्हाला लांबून येताना पाहूनच तिने कप काढले. त्या दिवसापासून तो भाग मला ओळखीचा वाटायला लागला.

जेवणाचं, शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीत माशाचा किंवा कोळंबीचा मसाला असू शकतो. "नो मीट, नो फिश, नो एग" असं तिन्ही म्हणा. तमिळ माणसाच्या गाळ्यावर 'सैवम' म्हणा, लगेच कळतं. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली तर ती जागा कुणीतरी धरून ठेवली आहे, तिथे बसू नका. खाऊन झालं की ताट उचलून ठरलेल्या रॅकवर नेऊन ठेवायचं, २०२१पासून हे सक्तीचं आहे.

चौथा-पाचवा दिवस: बस

लेकीला सांगून प्रत्येकाचं वेगळं प्रवासाचं कार्ड घ्या. एका कार्डावर दोन माणसं चालत नाहीत. ज्येष्ठांची सवलत तिथल्याच रहिवाशांना आहे, आपल्याला नाही, पण भाडं तसंही एक-दोन डॉलरच्या आसपासच राहतं.

आपल्याकडे एसटी थांब्यावर थांबतेच. तिथे हात केला नाही तर बस निघून जाते. आम्ही पहिल्या दिवशी थांब्यावर नीट उभे होतो आणि आमची बस समोरून गेली, दुसरीही गेली. मग शेजारच्या शाळकरी पोरीने तिसरीला हात करून दाखवला. बस दिसली की हात सरळ पुढे करायचा. पुढच्या दाराने चढायचं, कार्ड यंत्राला टेकवायचं, आवाज आला पाहिजे. उतरायच्या एक थांबा आधी लाल बटण दाबायचं. मागच्या दाराने उतरताना पुन्हा कार्ड टेकवायचं. हे विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. उतरून पाऊण तासाच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो धरली तर तो एकच प्रवास धरतात, नव्याने सुरुवात होत नाही.

पहिल्यांदा दोनच थांबे जा आणि चालत परत या. दुसऱ्या दिवशी चार. रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबा आणि हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा, गाडी नसली तरी थांबा, मधूनच ओलांडलं तर दंड होतो. थुंकणं आणि कचरा टाकणं याबद्दल तर सांगायलाच नको. पक्ष्यांना दाणे टाकणंही मना आहे. मला ते जड गेलं. घरी रोज सकाळी चिमण्यांना कण्या टाकते. पण नियम आहे.

सहावा दिवस: मेट्रो

१९८७मध्ये सुरू झालेली तिथली मेट्रो आता शहरभर पसरली आहे. आपण रंग आणि आकडा एवढंच धरायचं. प्रत्येक मार्गाचा रंग वेगळा, प्रत्येक स्थानकाला क्रमांक. लिटल इंडिया म्हणजे जांभळ्या मार्गावर 'एनई ७'. आकडे वाढताहेत की कमी होताहेत हे पाहिलं की गाडी कुठल्या दिशेने चालली ते कळतं. फलकांवर बऱ्याच ठिकाणी तमिळही असतं, कारण मलय, चिनी, इंग्रजी आणि तमिळ या चार तिथल्या अधिकृत भाषा आहेत.

सरकता जिना आपल्याकडच्यापेक्षा वेगात चालतो. साडी असेल तर निऱ्या एका हाताने वर धरा, डाव्या बाजूला उभ्या राहा. भीती वाटली तर प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, खुशाल तिने जा. गाडीत खाणं-पिणं बंद. पाण्याचा घोटसुद्धा नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे.

कुठे जायचं

पहिल्यांदा लिटल इंडिया. टेक्का बाजारात खाली भाजी-मासळी आणि खाण्याचे गाळे, बाहेर फुलांचे हार, केळीची पानं, मिरच्यांचे ढीग. वांगी निवडताना आपण जसं देठ पाहतो तसं तिथे तमिळ बायका पाहतात. पुढे सेरांगून रस्त्यावर श्री वीरमाकालीअम्मन हे कालीमातेचं देऊळ, आणखी पुढे श्रीनिवास पेरुमाळ. दुपारी देवळं बंद असतात, सकाळी जा. शहरातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ मात्र चायनाटाऊनमध्ये आहे, १८२७चं श्री मारिअम्मन.

मर्लायन सगळे बघतातच, सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला तो पुतळा १९७२पासून तोंडातून पाणी सोडतो आहे. 'सिंगापूर' हे नाव आपल्या संस्कृतातल्या सिंहपुरावरून आलं. तिथून जवळच एस्प्लनेड पार्क आहे, तिथे न चुकता जा. नेताजींनी ८ जुलै १९४५ला आझाद हिंद सेनेच्या शहिदांच्या स्मारकाची पायाभरणी इथे केली होती. इंग्रजांनी ते स्मारक पाडलं. १९९५मध्ये तिथल्या वारसा मंडळाने त्या जागी खुणेचा फलक उभारला. आणि २१ ऑक्टोबर १९४३ला आझाद हिंद सरकारची घोषणा ज्या कॅथे इमारतीत झाली, तिचा दर्शनी भाग धोबी घाट स्थानकाजवळ राखलेला आहे. हो, स्थानकाचं नावच धोबी घाट. तिथे आपल्याकडून गेलेले धोबी कपडे धूत असत. मी वर्गात नेताजींचा धडा कितीदा शिकवला, पण त्या फलकापुढे उभी राहिले तेव्हा काही बोलता येईना.

बोटॅनिक गार्डन सकाळी जायला सर्वांत चांगलं. १८५९चं आहे, प्रवेश फुकट. गार्डन्स बाय द बेमध्ये उंच लोखंडी झाडांवर रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा खेळ होतो, तोही फुकट.

पण शेतकरी माणसाला मी सांगेन, मरिना बराज बघा. ते समुद्राच्या तोंडावर बांधलेलं धरण आहे, २००८ला सुरू झालं. गार्डन्स बाय द बे स्थानकावर उतरून चालत जाता येतं. या शहराला मोठी नदी नाही. पाण्याचा एक भाग शेजारच्या मलेशियातून येतो, १९६२चा करार आहे, २०६१पर्यंतचा. म्हणून ते लोक पडलेला पाऊस अडवतात. दोन तृतीयांश जमिनीवरचा पाऊस गटारांतून, नाल्यांतून वाहत सतरा जलाशयांत जातो. वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, समुद्राचं पाणीही गोडं करतात. या बराजमुळे शहराच्या ऐन मधोमध, उंच इमारतींच्या पायाशी, गोड्या पाण्याचा जलाशय झाला. जोराचा पाऊस आणि ओहोटी असली तर नऊ फाटकं खाली करून जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात, भरती असली तर सात मोठे पंप ते बाहेर फेकतात.

आम्ही २०१८चा उन्हाळा पाहिला आहे, यवतमाळ शहरात कित्येक दिवसांआड पाणी यायचं तो. बराजच्या पुलावर हे बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते. एका बाजूला खारं पाणी, एका बाजूला गोडं, मध्ये फाटकं. "समुद्राले फाटक लावलं यायनं," एवढंच म्हणाले. वरच्या हिरवळीच्या छतावर पोरं पतंग उडवत होती. नंतर महिनाभरात आम्ही तिथे चार वेळा गेलो, आणि शेवटच्या दोन वेळा लेकीला न विचारता, आमचे आम्ही.

तब्येत आणि अडीअडचण

उकाडा आपल्या चंद्रपूर-नागपूरसारखा पंचेचाळीसचा नसतो, तेहतीस-चौतीसच्या वर क्वचितच जातो, पण हवेत दमटपणा फार. घाम वाळत नाही. सुती कपडे घाला, छत्री कायम जवळ ठेवा, पाऊस न सांगता येतो. रुग्णवाहिकेसाठी ९९५, पोलिसांसाठी ९९९. रस्ता चुकलात तर घाबरून भराभर चालू नका, जवळच्या बसथांब्यावर बसा. प्रत्येक थांब्यावर पाच आकडी क्रमांक लिहिलेला असतो. तो फोनवर लेकीला वाचून दाखवला की तुम्ही नेमके कुठे आहात ते तिला कळतं.

परत निघताना

गावासाठी फार काही आणू नका. लिटल इंडियातल्या मुस्तफा दुकानात सगळं मिळतं, पण गुडघेदुखीवरच्या टायगर बामच्या डब्यांइतकं कौतुक गावात दुसऱ्या कशाचं झालं नाही. डब्या मोठ्या बॅगेत टाका. प्रवासाचं कार्ड मात्र परत करू नका, पैसे उरले तरी राहू द्या, ते काही वर्षं चालतं. आमची दोन्ही कार्डं लेकीच्या दाराजवळच्या खुंटीला, छत्रीशेजारी अडकवलेली आहेत.